नेरूळ–खारघर–नेरूळ, पाठीवर दहा किलो

लोक प्रवासाला निघताना नारळ फोडतात. आम्ही उजाडता उजाडता शाळेसमोरच्या रद्दीवाल्याकडे गेलो आणि त्याच्या काट्याला एकेक करून आपापल्या सॅक टांगल्या. माझी बरोबर दहा किलो भरली. रद्दीवाल्याने सवयीने भाव सांगितला.

ही कल्पना देसाई सरांची. सर आमच्या शाळेचे व्यायामशिक्षक आणि स्काउटमास्तर. नाताळच्या सुट्टीत शाळेचं पथक राजगडाहून तोरण्यावरून रायगडापर्यंत चालत जाणार होतं, आठवडाभर, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन. त्याआधी ही चाचणी: नेरूळहून खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. डाळ, तांदूळ, स्टोव्ह, दोर, पांघरूण, सगळं सहलीच्या दिवसासारखं भरलेलं आणि किमान दहा किलो. दुपारच्या जेवणाची पिशवी वेगळी.

मी या गोष्टीत कशी आले, ते सांगायला हवं. स्काउट मुलगे भरपूर होते, पण गाईडच्या मुली तीनच: केतकी, ज्योती आणि दर्शना. तिघींच्या घरच्यांनी एकच अट घातली होती, सोबत बाई असतील तरच मुलगी पाठवू. ज्या दिवशी स्टाफरूममध्ये हे ठरलं, त्या दिवशी मी रजेवर होते. आपल्याकडे गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमताने होते. मी मराठी शिकवते, वय चव्वेचाळीस, आणि तोवर माझी सर्वात मोठी पदयात्रा म्हणजे बाजारातून कलिंगड घेऊन घरी येणं.

मी चाचणीत नापास झाले, तर मुलींचं जाणं रद्द. दुसरी बाई तयार नव्हती. हे तिघींनाही ठाऊक होतं. त्यामुळे गेले पंधरा दिवस त्या मलाच तयार करत होत्या. केतकीच्या सोसायटीच्या जिन्यावरून मी पाठीवर वह्यांचे गठ्ठे घेऊन चढउतार करायचे आणि खाली ज्योती शिट्टी वाजवायची. वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, लिफ्ट चालू हाय ना?"

घरून निघताना यजमानांनी वर्तमानपत्र खाली न घेताच विचारलं, "झेपेल का या वयात?" वर्तमानपत्र खाली घेऊन विचारलं असतं, तर कमी लागलं असतं.

उरण फाट्यापर्यंत मी देवांची नावं घेत गेले. सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते आणि माझ्या मुलाचे कॅनव्हासचे बूट बोटांना कुरतडत होते. बेलापूरला दर्शनाच्या काकांची चहाची टपरी होती. तिथे आम्ही थांबलो. मुलगे पुढे गेले होते, सरही त्यांच्याबरोबर. मी बूट काढले आणि मागच्या नळावर पाय धुवायला गेले.

"बाईंना दोन कटिंग द्या काका," दर्शना म्हणाली.

"दोन?"

"त्यांना लागतात."

चहा प्याले, बूट घातले, सॅक उचलली, आणि काय सांगू, ती मला चक्क हलकी वाटली! अंगाला सवय होते म्हणतात, ते खरं असावं. पुढच्या चढावर मी ज्योतीच्या पुढे होते. ज्योती साताऱ्याकडची, काटक पोर. तिला मागे टाकलं म्हटल्यावर मला गप्प बसवेना. दमसास कसा वाढवावा, श्वास कुठून घ्यावा, मनाची तयारी म्हणजे काय, यावर मी खारघरपर्यंत बोलत होते. तिघींनी अतिशय लक्ष देऊन ऐकलं. व्याकरणाच्या तासाला त्यांनी इतकं लक्ष कधीच दिलं नव्हतं.

खारघर तेव्हा फक्त कागदावर वसलं होतं. आखीव रस्ते होते, रस्त्याच्या कडेला सेक्टरच्या पाट्या होत्या आणि पाटीखाली म्हशी बसलेल्या. घर कुठे दिसेना. केतकीने एका म्हैसवाल्याला डोंगराची वाट विचारली. तो म्हणाला, "सेक्टर संपला का डोंगर." त्याच्या मागे हिरवट-तपकिरी डोंगर सरळ उभा होता. वाऱ्याला वाळल्या गवताचा वास होता. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी हा डोंगर गच्चीवरून कपडे वाळत घालताना पाहिला होता आणि तो माझा कुणी लागत नव्हता.

पायथ्याशी एका आंब्याखाली जेवलो. ज्योतीच्या आईची झुणका-भाकरी आणि हिरवा ठेचा, केतकीची बटाट्याची भाजी, दर्शनाकडे तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी). मी जवळा दोनदा घेतला. तेवढ्यात देसाई सर उभे राहिले.

"सूचना ऐका. गेल्या वर्षी काही शूर मंडळींनी वाटेत डाळ-तांदूळ झुडपात टाकून भार हलका केला होता. तेव्हा परत गेल्यावर सगळ्यांचं पुन्हा वजन होणार. दहाच्या खाली भरलं, की सहल बंद. दुसरं, परत जाताना बेलापूरच्या बाजारातून जायचं नाही, खाडीच्या बांधावरून जायचं. तिसरं, एकेरी रांग, आणि तोंडातून शब्द नको. मी मुलींच्या मागे चालणार."

तिघींचे चेहरे एकदम उतरले. ठेचा झोंबला असेल, असं मला वाटलं. मी त्यांना पाणी दिलं.

परतीची वाट सुंदर होती, असं आठवतं. पहिला थांबा बेलापूरच्या बाहेर एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या सावलीत झाला. प्रत्येक थांब्यावर मी बूट काढून बाजूला जाऊन बसायचे, कारण पायाचे फोड विद्यार्थ्यांना दाखवायचे नसतात. निघताना केतकी लगबगीने आली आणि न बोलता सॅक माझ्या पाठीवर चढवली. गुणी मुलगी. पण सॅक चढवताच माझ्या गुडघ्यांनी काहीतरी म्हटलं. सकाळचा तो हलकेपणा गेला होता.

पुढे मिठागरं लागली. चौकोनी वाफे, पांढरे ढीग आणि पाण्यात एका पायावर उभे बगळे. ज्योती तिथल्या कामगाराशी खाणाखुणांनी काहीतरी मागत होती. शब्द उच्चारायचा नव्हता ना. तो हसला आणि तिला ओंजळी ओंजळीने खडे मीठ देत राहिला. मी दुसरीकडे बघून पाय चोळत होते. या थांब्यानंतर सॅक ज्योतीने चढवली. मी उठले आणि पुन्हा बसले.

हे वय आहे, असं मी मनाशी म्हटलं. सकाळी अंगात जोर असतो, तो उसना असतो. दुपारनंतर वय आपली वसुली सुरू करतं. बांधावरून चालताना मी ऐकलेली सगळी वाक्यं आठवत होते: चाळिशी उलटली की हाडं बोलतात, आता झेपेल तेवढंच करावं. सगळी पटत होती. डोळ्यात पाणी आलं ते खाडीच्या वाऱ्याने, असं मी तेव्हा ठरवलं होतं. खरं तर ते रडूच होतं. पोरींनी पंधरा दिवस माझ्यावर मेहनत घेतली होती आणि मी त्यांचा रायगड बुडवणार होते.

सारसोळे गावात शिरलो तेव्हा मी जवळजवळ वाकून चालत होते. जाळी वाळत पडली होती, सुक्या मासळीचा घमघमाट होता. दर्शनाचं घर इथेच. तिच्या आजीच्या ओट्यावर मी सॅकसकट बसले. पाणी आणायला म्हणून दर्शना आत गेली. आजीने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"काय गो बाय, इतका वजा (ओझं) कनाला घेतलाव?"

"नियम आहे, आजी."

"कनाचा?"

मी सरांकडे बोट केलं. आजीने त्यांनाही वरून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो मानूस बरा दिसतो तं," ती म्हणाली.

सर जवळ आले. मौनाचा नियम आम्हा मोठ्यांना लागू नव्हता. "बाई, खरं सांगतो, तुम्ही दमलात. कोपऱ्यावर रिक्षा आहे. बसा. मुलींचं आपण पुढच्या वर्षी बघू."

रिक्षा खरंच उभी होती. सीट फाटलेली होती, तरी इतकी सुंदर सीट मी पुन्हा पाहिली नाही. मी सॅक उतरवली, नळावर गेले, तोंड धुतलं आणि पदराने पुसत परत वळले. तिघी ओट्याशी उभ्या होत्या. बोलायची बंदी म्हणून गप्प. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते पाहून मला वाटलं, पुढचं वर्ष कुणी पाहिलंय? केतकीच्या वडिलांची बदली व्हायची होती. दर्शनाच्या घरी दहावीनंतर काय, याची चर्चा सुरू झालीच होती. पुढच्या वर्षी या तिघी एकत्र कुठे असणार होत्या?

"सर," मी म्हटलं, "शाळा इथून दिसते."

ती दिसत नव्हती. मधे चार सेक्टर होते.

दर्शनाने सॅक धरली. पहिल्या खेपेला मी उठूच शकले नाही. दुसऱ्या खेपेला आजीने मागून काखेत हात घालून मला उभं केलं. त्या चार सेक्टरांचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी फक्त केतकीच्या टाचा पाहत होते. एक टाच, दुसरी टाच. रस्त्यावर एका बाळाने मला पाहून रडायला सुरुवात केली, एवढं आठवतं.

रद्दीवाल्याने काटा आणला. मुलग्यांचं झालं, मुलींचं झालं, सगळे पास. माझी सॅक टांगली तशी काट्याची स्प्रिंग करकरली. सरांनी वाकून पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं.

"चौदा?"

"काटा बरोबर हाय साहेब," रद्दीवाला दुखावला.

"बाई, तुम्ही वाटेत खरेदी केलीत का?"

सरांनी सॅक उघडली. आधी मीठ निघालं, ज्योतीच्या ओढणीत बांधलेलं. मग एक अख्खी वीट. मग पांघरुणात गुंडाळलेला, मसाल्याचा वास येणारा, काळाकुळकुळीत वरवंटा. डाळ आणि तांदूळ मात्र कुठेच नव्हते.

केतकी ज्योतीकडे पाहू लागली, ज्योती दर्शनाकडे. "तू पण?" तिघी एकदमच म्हणाल्या. मौन तिथे संपलं.

मग सगळं बाहेर आलं. सकाळी मी पाय धुवायला गेले, तेव्हा तिघींनी मिळून माझे दोन किलो डाळ-तांदूळ काकांच्या टपरीवर ठेवले होते, येताना परत भरू म्हणून. पण सरांनी वाट बदलली आणि बोलणं बंद केलं. मग प्रत्येकीने गुपचूप एकटीने भरपाई केली, पूर्ण दोन किलोंची.

"कमी पडायला नको म्हणून," केतकी रडत म्हणाली.

यात त्यांचा दोष नाही. आपल्या घरांतून मुलींना पहिलं हेच शिकवतात. भात टाकताना वर एक मूठ, आमटीत वर एक वाटी, पाहुणा येवो न येवो. तिघींनी आपापली मूठ टाकली.

सरांनी वीट उचलून उलटसुलट करून पाहिली. ते खोटं बोलणारे नव्हते आणि खोटं चालवून घेणारेही नव्हते. "सामान काढणं चूक आहे," ते म्हणाले. "रायगडाहून आल्यावर तिघींनी महिनाभर पथकाची भांडी घासायची." मग माझ्याकडे वळले. "आणि बाई, नियम दहाच्या खाली भरण्याबद्दल आहे. वर भरण्याबद्दल मी काही बोललो नव्हतो."

केतकीला हे कळायला थोडा वेळ लागला. ज्योतीने कळताच शिट्टी वाजवली. दर्शना वरवंटा घेऊन घराकडे पळत सुटली, कारण आजीला संध्याकाळची चटणी वाटायची होती.

मी तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. रागवायला हवं होतं, पण मला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. बेलापूरपासून मी ज्याला वय समजून वाहत आणलं, त्यात एक भाजलेली वीट होती, मीठ होतं आणि म्हाताऱ्या बाईचा वरवंटा होता. आपण ज्याला वय म्हणतो, त्यात इतर लोकांनी न सांगता भरलेलं किती असतं, हे कुणी काट्यावर टांगून पाहत नाही.

वीट मी ठेवून घेतली. घरी पोचले तेव्हा यजमान त्याच खुर्चीत होते, त्याच वर्तमानपत्रामागे.

"झेपलं का?" त्यांनी विचारलं.

मी वर्तमानपत्र बाजूला केलं, त्यांच्या हातात वीट दिली आणि आंघोळीला गेले.