सेन्सरला लावलेलं कुंकू

जुन्या मशीनना सेन्सर बसवून ती मालकाच्या मोबाइलला आणि टीव्हीच्या पडद्याला जोडून देणं हा माझा धंदा. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझा एका शटरचा गाळा आहे. छोट्या कारखान्यांतली मशीनं बहुतेक बापाच्या वेळची. दणकट असतात, अजून वीस वर्षं चालतील, पण आज किती चालली हे काही सांगत नाहीत. मी त्यांना एक डबी आणि दोन-तीन वायरी लावतो, मग ती सांगायला लागतात. मालकाला लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा कळतं की कुठलं मशीन चालू आहे आणि कुठलं उभं आहे. काम वाईट नाही. त्यावर माझं घर चालतं आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणून आधीच लिहून ठेवतो, जे झालं त्यात सेन्सरचा दोष नव्हता.

साताऱ्यातल्या एका कारखान्याचं काम मला दाजींमुळे मिळालं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. त्यांचं गाव मेढ्याच्या बाजूला. तिथून मोटारसायकलवरून ते रोज साताऱ्याला कामाला यायचे. आक्काला बघायला आले तेव्हाही ते प्रेसवरच कामाला होते. त्यांच्या नखांत काळं तेल बसलेलं होतं आणि आमच्या वडिलांनी ते पाहूनच मनातल्या मनात होकार दिला होता.

त्यांचा पॉवर प्रेस जुना, उंच, बाजूला भलंमोठं चाक असलेला. पत्र्याची पट्टी पुढे सरकवायची, पायाने पॅडल दाबायचं, वरून दणका बसतो आणि खालच्या घसरगुंडीवरून एक वायसर, नटाखालची चकती, टपकन डब्यात पडतो. असे तीन प्रेस ओळीने. तिघांचा माल शेवटी एकाच पिंपात जायचा आणि एकत्रच वजन व्हायचं, त्यामुळे कुणी किती काढला हे मालकाला कधी नीट कळत नसे. ते कळावं म्हणून दाजींनीच माझं नाव सुचवलं. "आमचं पावणं करत्यात ते काम," असं त्यांनी मालकाला सांगितलं.

मालकांनी मला एकच प्रश्न विचारला, "चुकत तर नाही ना?"

मी तेव्हा सगळीकडे म्हणायचो तेच म्हणालो, "साहेब, माणूस चुकेल. मशीन खोटं बोलत नाही." दाजी मागे उभे होते. त्यांनी अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं.

प्रत्येक घसरगुंडीपाशी मी एकेक सेन्सर बसवला. त्यातून उजेड बाहेर पडतो, समोरून वायसर गेला की तो परत येतो आणि एक आकडा वाढतो. कामगार त्याला डोळा म्हणायला लागले. भिंतीवर टीव्ही लावला, त्यावर तीन प्रेसचे तीन आकडे. तेव्हापासून पिंपाच्या वजनाकडे कुणी बघेना. पहिल्या दिवशी शेजारच्या प्रेसवरचा गडी मला म्हणाला, "आवं पावणं, आता लघवीला गेलं तरी टीव्हीवर दिसायचं म्हणा की!"

दुसरा म्हणाला, "तू मोठ्यानं गातोस तिथं, टीव्ही कशाला पायजे?"

सगळे हसले. दाजी तेवढे हसले नाहीत. "काम करणाऱ्याला कशाची भीती रं?" म्हणाले आणि प्रेसवर बसले. त्या महिन्यात त्यांचा आकडा तिघांत सगळ्यात वर होता.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची आणि मशीनची पूजा असते. कारखाना बंद ठेवतात, मशीनं रॉकेलने पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. मालकांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. दाजी हातात हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आपल्या प्रेसला टिळे लावत होते. चाकाला, पॅडलला, बॉडीला. मग घसरगुंडीपाशी वाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला बी लावू का? तुमचं हाय ते. त्याला इसरून कसं चालंल?"

सेन्सरच्या काचेला काही लागता कामा नये हे मला माहीत होतं. शेजारच्या दोघांनी आपल्या सेन्सरना हात लावला नव्हता, कारण मीच तशी ताकीद दिलेली होती. पण पूजेच्या ताटाला नको कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या जुन्या दांडग्या यंत्रांच्या पंगतीत माझ्या डबीलाही पान वाढलं जात होतं. मी म्हणालो, "लावा की."

त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेऊन अगदी मधोमध, काचेवरच लावलं. वर अक्षता टाकल्या. मी हात जोडले. संध्याकाळी निघताना पुसून घेऊ असं मनात होतं. प्रसाद घेतला, गप्पा झाल्या आणि मी सांगलीला निघून आलो.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मालकांचा फोन आला. गेलो तर केबिनमध्ये त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुमच्या दाजींचा आकडा बघा. एकदम खाली आलाय. बाकीचे दोघे होते तिथंच आहेत. वयाचा परिणाम असेल, माझं काही म्हणणं नाही. प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवावं म्हणतो. पण त्याआधी तुम्ही एकदा सेन्सर तपासा." आणि लगेच पुढे म्हणाले, "हो, माझ्या साडूंची फाउंड्री आहे कराडकडे. तिथंही हे बसवायचं चाललंय. त्यांना मी सांगितलंय, यात चूक होत नाही म्हणून."

मी प्रेसपाशी जाऊन खाली बसलो. काचेवर कुंकू वाळून त्याची खपली झाली होती, त्यावर तेलाचा थर बसला होता. काही वायसर दिसत होते, काही निसटत होते. दाजी बाजूला उभे होते, टोपी हातात घेऊन. सुपरवायझर माझ्या मागे होता. मी रुमालाने काच पुसली. रुमाल लाल झाला, तो मी मुठीत दाबून खिशात घातला.

केबिनमध्ये परत आल्यावर मालकांनी विचारलं, "काय होतं?"

"वायर जरा ढिली होती. घट्ट केली."

"म्हणजे आकडे चुकत होते?"

"नाही," मी म्हणालो. "आकडे बरोबर होते."

एवढंच बोललो. मला कुणी दटावलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते परत घ्यायला मला भरपूर वेळ होता. मी चहा प्यालो, मालकांशी फाउंड्रीबद्दल बोललो, चप्पल घातली. तेवढ्या वेळात केव्हाही परत घेता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या जागी एक तरुण ऑपरेटर बसला आणि त्या प्रेसचा आकडा सरळ वर गेला. जाणारच होता, काच स्वच्छ होती. पण कारखान्यातल्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं की माणूस बदलला आणि आकडा वाढला. दाजींनीही पाहिलं. त्यापेक्षा मोठा पुरावा कुठला असतो? आणि तो मी भिंतीवर टांगून दिलेला होता.

मी स्वतःची समजूत घातली. पॅकिंगचं काम हलकं आहे, खुर्चीत बसून आहे, पगार तोच आहे. दाजींचं वय झालंच होतं की. उलट पायाला आराम मिळेल. हे सगळं मी सांगली ते कराड गाडी चालवताना स्वतःशी म्हणत असे. कारण फाउंड्रीचं काम मला मिळालं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मी आक्काकडे गेलो. अंगणात मोटारसायकल पोत्याखाली झाकून ठेवलेली दिसली. दाजी ओट्यावर होते. त्यांची छोटी नात त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती आणि वर घे म्हणून हात पसरत होती. ते तिला उचलत नव्हते. "जा, आजीकडं जा," म्हणत होते.

"गाडी बिघडली का दाजी?" मी विचारलं.

"गाडीला काय हुतंय? गावातल्या एकाच्या मागं बसून जातो आता." त्यांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "ह्यांचा भरवसा ऱ्हायला न्हाई. घाटात ब्रेक दाबायला येळ झाला तर? दुसऱ्याच्या लेकराला उडवायचं पाप कशाला?"

आतून आक्का म्हणाली, "पोरीला बी उचलून घेत न्हाईत. पडंल म्हणत्यात. डॉक्टरला दावलं, त्यो म्हणतो काय बी झालं न्हाई."

"डॉक्टरला काय कळतंय?" दाजी म्हणाले. "त्यो दोन मिनटं हात बघणार. पावण्यांचं मशीन दिवसभर बघत हुतं. मशीन खोटं बोलत न्हाई."

माझ्या पुढ्यात भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. मी हातातला घास ताटात ठेवला.

"दाजी," मी म्हणालो, "तुमच्या हातांना काही झालेलं नाही. सेन्सरच्या काचेवर कुंकू होतं. पूजेचं. त्याने वायसर मोजले जात नव्हते. तुम्ही काढत होता तेवढेच काढत होता."

त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता शिवी येईल. यावी असंही वाटलं.

"म्हंजी हात बरं हायती?" त्यांनी विचारलं.

"बरे आहेत."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून न्हाई न्हवं?"

"नक्की दाजी."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता. दवाखान्यातून कुणीतरी येऊन गाठ साधी आहे म्हणून सांगावं, तसा तो माणूस झाला. उठले, पोतं ओढून बाजूला फेकलं, नातीला काखेत उचललं आणि टाकीवर बसवलं. "चल गं, एष्टी स्टँडवर जाऊन यू. लय दिस झालं." आक्का हो-नाही म्हणायच्या आत गाडी गल्लीच्या वळणावर गेलीसुद्धा. मी काय पाहिलं हे त्यांनी ऐकलं. कधी पाहिलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

ते आक्काने विचारलं. ती दारात पिठाच्या हातांनी उभी होती.

"तुला कवा कळलं हे?"

मी ताट जरा पुढे सरकवलं.

"आज कळलं?"

"नाही. मालकाने तपासायला बोलावलं त्या दिवशीच. मीच पुसलं."

"म्हंजी दिवाळीच्या आधी."

"हो."

"भाऊबिजेला माझ्यापुढं पाटावर बसलास, मी तुला ओवाळलं, तवा बी तुला ठावं हुतं?"

"हो."

ती आत गेली. थोड्या वेळाने माझ्या ताटात भाकरी वाढायला आली, पण भाकरी वाढून तशीच गेली. तूप घे, अजून घे, असं काही म्हणाली नाही. आमच्या घरात न आग्रह करता जेवायला वाढणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

दोन दिवसांनी मी साताऱ्याला जाऊन मालकांना सांगितलं. केबिनचं दार लावून घेतलं, हेही लिहायला हवं. मालक हसले. "अहो, एवढंच ना? मग त्याच वेळी सांगायचं. देवाधर्माची गोष्ट, मी काय तुमचं मशीन उपटून फेकणार होतो?" त्यांनी सुपरवायझरला बोलावून दाजींना परत प्रेसवर घ्यायला सांगितलं. माझं काम गेलं नाही. फाउंड्रीचंही गेलं नाही. ज्या नुकसानीला घाबरून मी ते केलं, ती नुकसानी कधी नव्हतीच.

दाजींनी मात्र ही गोष्ट गावभर केली. प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू मोठी होत गेली. "पावण्यांनी सोता हुडकून काढलं. सोताच्या मशीनची चूक सोताच्या तोंडानं सांगितली. कोण सांगतंय आजकाल?" मी शेजारी बसलेला असायचो आणि खाली बघायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा. आक्का आसपास असली तर हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची. तिने दाजींना सांगितलं नव्हतं. ते तिने माझ्यावर सोडलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या भावकीत लग्न होतं. मांडवात खुर्च्या गोल मांडून दाजींनी नव्या व्याह्यांना तीच गोष्ट सांगायला घेतली. व्याही म्हणाले, "असला माणूस मिळत न्हाई आता," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सोसला नाही.

"दाजी," मी म्हणालो, "मला ते सेन्सर तपासायला आलो त्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही शेजारी उभे होता. मी कुंकू पुसलं आणि मालकांना आकडे बरोबर आहेत म्हणून सांगितलं. तुम्हाला प्रेसवरून उठवलं ते त्यानंतर."

व्याह्यांनी हात काढून घेतला. दाजींनी समोरचा कप माझ्याकडे सरकवला.

"च्या घ्या पावणं," ते म्हणाले. "गार हुतोय."

ते अजून त्याच प्रेसवर आहेत. मी गेलो की घरातलं सगळं विचारतात, मुलांचं विचारतात. ती गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.