आबांची यारी आणि आप्पाचं विमान

माझ्या भावानं एकदा माणसांनी भरलेलं विमान मुद्दाम खाली सोडलं होतं.

आत मी होते. शेजारी माय होती.

आज दुपारी तो गेला. जगासाठी कॅप्टन, आमच्यासाठी आप्पा.

पायलट व्हायच्या आधी आप्पा आमच्या गावी, तेरला, विहिरीवर यारी फिरवायचा. बहात्तरचा दुष्काळ. विहीर ठणठणीत कोरडी. आमचे वडील, आबा, तळाशी उतरून खडक फोडायचे आणि आम्ही दोघं भावंडं वरून दगडांची पाटी ओढायचो. यारी म्हणजे दोर गुंडाळत ओझं वर ओढणारी क्रेन; आमची गावच्या सोसायटीची, हातानं फिरवायची. एका हँडलवर तो, दुसऱ्यावर मी.

आबांचा नियम एकच. दोर ढिला करायचा तर आधी विचारायचं, "सोडू का?"
खालून "सोड" आल्याशिवाय हात हलवायचा नाही. खाली माणूस असतो.

एकदा भरलेली पाटी कपारीत अडकली. आप्पा अठरा वर्षांचा रेडा! हँडलवर अक्षरशः लोंबकळला. दोर करकरायला लागला.

आबा खालून ओरडले, "आरं, जोर नगं लावू! वढतुयास म्हणूनच अडकलंय. आदी ढील दे, मग फिरीव!"

"सोडू का?"
आबा कडेला सरले. "सोड."

पाटी हातभर खाली आली, मोकळी झाली आणि मग मुकाट वर आली.

पुढं स्कॉलरशिप मिळाली, पठ्ठ्या पायलट झाला. गावाकडं आला की वस्तीतली माणसं विचारायची, "आप्पा, इमानाला रिव्हर्स आसतो का रं?" हा पण गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचा.

मग एकदा मायला औरंगाबादहून मुंबईला विमानानं न्यायचं ठरलं. चालवणार आप्पा. माय नवं लुगडं नेसली होती.

मुंबई जवळ आली, विमान उतरायला लागलं आणि एकदम नाक खाली गेलं. सावरलं. परत खाली. परत वर. लोक देवाचं नाव घेत होते. माय मात्र खिडकीतून बघत बसलेली.

कॉकपिटमध्ये काय चाललं होतं ते आप्पानं मला नंतर सांगितलं.

नाक वर-खाली ठेवणारी यंत्रणा बिघडली होती. विमान नाक खाली दाबत होतं. दोघं पायलट जीव खाऊन दांडा मागं ओढत होते. नाक वर आणायला हातानं फिरवायचं चाक होतं, पण ओढ एवढी की ते जागचं हलेना.

"तुला सांगतो, पुस्तकात लिवलेलं मला पाठ व्हतं. दांडा जरा सोडायचा, चाक हलकं हुतं, मग फिरवायचं. पण हात सुटंना गं. मागं माय बसलीय, आन् म्या नाक खाली सोडू?"

"मग?"

"मनातल्या मनात इचारलं, आबा, सोडू का?"

आबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"आलं बग उत्तर."

त्यानं ढील दिली. शेजारच्यानं चाक फिरवलं. परत ओढलं. परत ढील, परत चाक. असं करत करत विमान ताब्यात आलं. उंची होती म्हणून जमलं, असं तो नेहमी म्हणायचा.

खाली उतरल्यावर मायनं विचारलं, "रस्ता लई खराब व्हता व्हय रं?"

"व्हय माय. लई खड्डे."

घरी गेल्यावर मायनं त्याचे दोन्ही तळवे उलटे करून बघितले आणि खोबरेल चोळत बसली.

"खड्ड्यानं हाताला फोड येत न्हाईत, आप्पा."

त्या दिवशी माझा एवढा मोठा भाऊ मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

आज दवाखान्यात तोच हात माझ्या हातात होता. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "ताई, आता सोडा." मला जमेना.

मग मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "आप्पा, सोडू का?"

खूप वेळ थांबले.

उत्तर आलं नाही रे. आपल्या आबांचा नियम मोडून सोडलाय मी हात.

जा आता नीट. जय भीम, आप्पा.