एकादशीचा मासा

तुमच्या मांजरीला साखरेचा आजार निघाला आणि तिला आता रोज इंजेक्शन द्यावं लागणार, हे ऐकून तुम्ही सगळे रडवेले झालात, असं तुमची आई फोनवर म्हणाली. रडू नका. आपल्या घरात हे एकदा होऊन गेलं आहे, आणि तेही अशा गावात, जिथे माणसाला इंजेक्शन द्यायचं म्हटलं तरी ओसरीसमोर बघ्यांची गर्दी जमायची.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला कॉलेजात शिकले आणि लग्न होऊन धानोऱ्याच्या अलीकडच्या एका गावी आले. तिथून पुढे नुसतं जंगल. तुमचे आजोबा जंगलखात्यात, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर. घरी आम्ही चौघं: मी, सासूबाई, सासरे आणि मांजरी.

सासऱ्यांना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, मी मामंजी म्हणत असे. ते रेंजर म्हणून निवृत्त झाले होते. वाघाच्या पावलांवरून वाघ जेवलेला आहे की उपाशी, हे ते सांगत. पण स्वतःच्या पोटात काय जातं, याचा माग मात्र कुणाला लागू देत नसत. त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी रोजचं इन्सुलिन लावून दिलं होतं आणि ते टोचायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण बाटलीवरचं इंग्रजी घरात मलाच वाचता येई. सकाळी मी काचेची सिरिंज डबीत घालून उकळायला ठेवी. पाण्याला उकळी आली की सिरिंज डबीत खडखड वाजू लागे, आणि ती वाजू लागली की मामंजी नाहीसे होत. कधी गोठ्यामागे, कधी आंब्याखाली, कधी थेट नाल्यावर. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला एक जखम होती, ती भरून येत नव्हती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हे असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग माणूस." हे मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. मामंजींना सांगितलं होतं, तर ते म्हणाले, "एक पाय पुरतो. आता कुठे जंगल मोजायचं आहे?"

गोड त्यांना बंद होतं, म्हणजे उघडपणे बंद होतं. शिऱ्याची वाटी हातात सापडली की ते म्हणत, "मांजरीसाठी घेतला." आणि पुरावा म्हणून त्यातला अर्धा शिरा खरोखरच मांजरीला घालत. मांजरीही इमानदार, तुपातला शिरा, साय, बासुंदी, जे पुढ्यात येईल ते चाटूनपुसून खाई. आमचं घर शाकाहारी, म्हणून तीही शाकाहारी. उंदीर दिसला तर ती त्याच्याकडे जुनी ओळख असल्यासारखी बघे. एकादशीला घरात भात शिजत नसे, तेव्हा तिच्याही ताटलीत भगर आणि दूध. सासूबाई आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, "आमच्या घरी मांजरसुद्धा एकादशी करते."

अशी ती लोण्याच्या गोळ्यासारखी मांजरी एका हिवाळ्यात वाळत चालली. खाई दुप्पट, पण अंगाला लागेना. पाणी इतकं पिई की म्हशीच्या पाण्याच्या डोणीतही तोंड घाली, आणि एकदा तर देवघरातल्या कलशात. केस राठ झाले. मागचे पाय उचलता येईनात. सशासारखे जमिनीला टेकवून चाले. सासूबाईंनी दृष्ट काढली. त्या मिरच्यांचा ठसका आम्हाला तिघांनाही लागला, मांजरीला तेवढा लागला नाही.

एके दिवशी मामंजींनी मला परसात बोलावलं. ते उकिडवे बसून जमीन वाचत होते.

"सूनबाई, ही तांबड्या मुंग्यांची ओळ पाहा. ही न्हाणीघराकडे जाते, ती माझ्यासाठी. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. मुंग्या लघवीतल्या साखरेला लागतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"मग ही दुसरी ओळ त्या राखेच्या ढिगाकडे काऊन जाऊन राहिली? तिथे तर मी जात नाही."

राखेच्या ढिगावर जात होती ती मांजरी.

मामंजींची लघवी तपासायचं सामान घरात होतंच. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर साखर आहे, विटेसारखं लाल झालं तर फार आहे. प्रश्न थेंब मिळवण्याचा होता. मामंजींनी राख उपसून तिथे धुतलेल्या वाळूची परात ठेवली, जुन्या पळीला लांब बांबू बांधला, आणि ज्या माणसाने मचाणावर बसून वाघाची वाट पाहिली होती तो माणूस सकाळभर पपईच्या झाडामागे पळी घेऊन उभा राहिला. मांजरी यायची, पळी पुढे सरकायची, मांजरी थांबून पळीकडे आणि मग झाडाकडे बघायची आणि निघून जायची. "वाघाला एवढी अक्कल नसते," मामंजी म्हणाले. शेवटी मिळाले थेंब. मी नळी तापवली. रंग निळ्यावरून हिरव्यावर थांबलासुद्धा नाही, थेट विटेवर गेला.

मामंजींनी नळी माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली. मग म्हणाले, "माझाच रंग आहे हा."

त्या दिवशी त्यांनी मला अट घातली. "तिला बरी करून दाखव. ती बरी झाली तर तुझं सगळं ऐकीन. पथ्य, सुई, सगळं. आणि तोवर तिला टोचशील तेव्हा मलाही टोच, मी कुठे जाणार नाही. पण ती गेली, तर ही इंजेक्शनची पेटी मी नाल्यात टाकून देईन. मग मला काही म्हणायचं नाही." ते गमतीने बोलत नव्हते. मी हो म्हटलं. म्हणजे आता एका मांजरीच्या जिवावर एक माणूस टांगलेला होता आणि ते घरात सांगायची सोय नव्हती.

डॉक्टर आठवड्यातून एकदा दवाखान्यात येत. ते म्हणाले, "अहो, मी माणसांचा डॉक्टर आहे." मी म्हटलं, "माणसासाठीच विचारते आहे," आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मांजरीचं वजन विचारलं आणि हिशेब करून इतकंसं औषध सांगितलं, की सिरिंजमध्ये ते दिसायलाही डोळे बारीक करावे लागत. "आणि तो दूधभात, शिरा बंद करा," ते म्हणाले. "मांजर आहे ते. त्याला मासे घाला. आणि मी सांगितलं असं कुणाला सांगू नका."

इंजेक्शनचं सोपं होतं. मासे अवघड होते.

सासूबाई आधी जेवल्याच नाहीत. मग नियम ठरले. मासा अंगणातून आत येणार नाही. तो परसात, गोठ्याच्या पलीकडे, तीन दगडांच्या चुलीवर, पोचे आलेल्या पातेल्यात शिजेल. शिजवेल सून, आणि नंतर सून अंघोळ करेल. मासा शब्द घरात उच्चारायचा नाही, "ते" म्हणायचं.

तलावावर मासे धरणाऱ्या घरातली एक बाई टोपली घेऊन मागच्या दारी येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने मला खालवर पाहून घेतलं.

"मांजरीसाठी मरळ? खरं सांगा ना बाई, मी कोनाले सांगत नाई."

"खरंच मांजरीसाठी."

"आमच्या घरी पोरायले मरळ भेटत नाई अन् तुमची मांजर मरळ खाऊन राह्यली?" ती टोपली झाकत म्हणाली. "बरं बाई. मांजरीले सांगा, काटे सांभाळून खा म्हनून."

कोनाले सांगत नाई म्हणाली, म्हणजे बाजारभर सांगितलं. विहिरीवर बायका माझ्या तोंडाचा वास आल्यासारखं करू लागल्या. "इंग्रजी शिकलेली हाय ना," एक दुसरीला मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तिले त्याच्याबिगर घास गिळत नाई." मी मांजरीला पुरावा म्हणून विहिरीवर नेणार होते, पण तिला चालवत नव्हतं.

सकाळचा क्रम असा बसला: डबी खडखडली की मांजरी आणि मामंजी ओसरीवर. आधी तिला, मग त्यांना, मग तिचं "ते". मामंजी तिला मांडीवर धरत, मी मानेची सैल कातडी उचलून टोचत असे. ते तिची समजूत घालत, "डोळे मिटून घे. मुंगी चावल्यासारखं होतं. एवढ्यासाठी कोणी पळून जातं का?" मी त्यांच्याकडे बघितलं की म्हणत, "तिला सांगून राहिलो."

मांजरी सुधारू लागली. पाणी कमी झालं. नळीतला रंग विटेवरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर आला. मग एकादशी आली.

मी नेहमीप्रमाणे दोघांना टोचलं आणि मासेवालीची वाट पाहत बसले. ती येईना. मी फाटकाशी जाऊन आले, चूल पेटवून ठेवली. बराच वेळ गेल्यावर सासूबाईंना विचारलं.

"आली होती," त्या माळ ओढत म्हणाल्या. "मी परत पाठवली. आज एकादशी आहे."

"अहो, पण मांजरीला..."

"तिला भगर घातली आहे. दरवेळी खाते."

मी आत धावले. भगरीची ताटली तशीच होती. माशाची चव लागलेली मांजर आता भगरीला तोंड लावणार नव्हती. पोट रिकामं, आणि त्यात इन्सुलिन गेलेलं. ती खाटेखाली झोकांड्या खात गोल गोल फिरत होती. मी तिला उचलायला गेले तोवर ती आडवी झाली. पाय ताठ, डोळे उघडे, नजर कुठेच नाही.

मामंजी दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोनाड्यातली इंजेक्शनची पेटी उचलून काखेत मारली आणि चपला शोधू लागले.

"मामंजी, थांबा! गोड हवं आहे तिला, काहीतरी गोड!" मी ओरडले. ज्या घरातून मी इतके दिवस खपून गोडाचा कण न् कण लपवला होता, त्या घरात गूळ कुठे ठेवला हे मलाच आठवेना.

सासूबाई जपाची माळ टाकून उठल्या. सोवळ्यातच देवघरात गेल्या आणि पंचामृताच्या मधाची बाटली घेऊन आल्या. जंगलातला मध, पातळ आणि काळा. सोवळ्यात असताना त्या मांजरीला पायालाही शिवू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी तिचं डोकं मांडीवर घेऊन फतकल मारून बसल्या आणि मधात बुडवलेलं बोट तिच्या हिरड्यांवरून फिरवू लागल्या. एकदा, दोनदा, पुन्हा. "चाट ग बाई. चाट. नैवेद्याचा आहे."

मला काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "एकादशीला गेलं तर मोक्ष मिळतो ना?"

"तिला मोक्ष नको आहे," मामंजी दारातून म्हणाले, "मासा पाहिजे." पेटी काखेतच होती.

आणि मांजरी सासूबाईंच्या बोटाला कडकडून चावली.

"चावली!" सासूबाई आनंदाने किंचाळल्या. "अहो, चावली! रक्त काढलं!" त्यांच्या बोटातून रक्त येत होतं, आणि त्या ते सगळ्यांना दाखवत होत्या. मामंजी खाटेवर बसले. पेटी त्यांनी हळूच परत कोनाड्यात ठेवली आणि चपला शोधत नव्हतो असा चेहरा केला.

त्यानंतर क्रम बदलला. आधी मांजरीच्या तोंडात मासा, तो खाता खाताच सुई. आणि पुढच्या एकादशीला मी उठून बघते तर सासूबाई फाटकाशी उभ्या, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात मासेवालीला विचारताहेत, "काय ग, आज उशीर काऊन केला?"

मासेवालीने टोपली खाली ठेवली. "अगाई! काकू, तुमाले बी लागली का गोडी?"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर माझ्याकडे कोणी बघितलं नाही. आता चर्चा सासूबाईंची होती. त्यांना मी ते कधीच सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मांजरी पुन्हा पायाच्या बोटांवर चालू लागली आणि नळीतलं औषध निळं राहू लागलं, टोचलं नाही तरी निळंच. डॉक्टर म्हणाले, "तिची सुई बंद करा. शिरा सुटला, सुटका झाली."

मामंजींनी तिथल्या तिथे हक्क सांगितला. "शिरा मीही सोडला. मग माझीही सुटली."

"तुमची नाही सुटणार," डॉक्टर म्हणाले.

"मी मासा खाऊन पाहू का?"

सासूबाईंनी आतून भांडं आपटलं, तेवढं उत्तर पुरलं.

शब्द दिला होता, म्हणून काही दिवस त्यांनी पाळला. मग एका सकाळी डबी खडखडली आणि मामंजी दिसेनात. मी फाटकापर्यंत जाऊन आले. मांजरी मात्र ओसरीवर हजर होती. तिची सुई थांबल्यापासून मी आधी मामंजींना टोचत असे, म्हणून तिच्या हिशेबाने डबी वाजली म्हणजे मामंजी यायचे, त्यांना टोचायचं आणि मग तिला मासा. मामंजी नाहीत, म्हणजे मासा नाही. ती थोडा वेळ बसली, मग शेपटी उभी करून गोठ्यामागे गेली. तिथून जो आकांत ऐकू आला, तो ऐकून शेजारी बाहेर आले. गवताच्या गंजीआड मामंजी बसले होते आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर बसून, ती त्यांच्या तोंडाकडे बघत ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी ते आंब्याखाली गेले. तिने तिथेही शोधून काढलं. नाल्यावर गेले तर नाल्यापर्यंत गेली, मागचे पाय आता चांगले झाले होते. जन्मभर जनावरांचा माग काढलेल्या माणसाला घराभोवती लपायला जागा उरली नाही. पायाचा अंगठा पुढे भरून आला, त्याचं श्रेय डॉक्टरांनी मला दिलं, आणि मी नको म्हटलं तर त्यांना तो विनय वाटला.

तुमचे पणजोबा पुढे बरीच वर्षं होते. रोज सकाळी डबी वाजली की मांजरी पुढे आणि ते मागे, अशी वरात परसातून यायची. ते बाही वर करत माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "टोच बाई एकदाचं. हिला जेवायचं आहे."