नातीसाठी झुल्यावर चढलो

साकोलीच्या बाहेर हायवेला लागून, धान निघालेल्या शेतात सर्कस उतरली होती. खेळाला माणसं येत नव्हती, म्हणून त्यांनी सकाळी झुला शिकवायचा धंदा काढला. पैसे भरा, कमरेला पट्टा बांधा, उंच फळीवरून दांडा धरून उडी मारा. खाली जाळी असते. नातीनं हे मोबाईलवर पाहिलं आणि नाव नोंदवून मोकळी झाली.

नात नागपूरला कॉलेजात आहे. लहानपणापासून सुट्टी लागली की ती आमच्याकडे यायची, पण ते तिच्या आजीसाठी. बुढी वारली आणि तेरवीनंतर पोरगी आलीच नाही. यावेळी आली ती आजीची लुगडी न्यायला. आदल्या दिवशी अंगणात तिच्या मायशी फोनवर बोलत होती, "आजी नाही तर इथं यायचं कायले? आबाजी तर बोलतच नाहीत."

मी गोठ्यात होतो, ऐकलं. राग नाही आला, पोरगी खरं बोलली. आमच्या घरात बोलायचं काम बुढीकडे होतं. मी हूं म्हणायचो. ती गेल्यापासून कोंबड्यासुद्धा मला दाणे मागत नाहीत, दारात उभ्या राहून आत पाहतात.

तर सकाळी झुला आणि तिथूनच नागपूरची बस, असा तिचा बेत. मी बॅग धरायला गेलो.

शिकवणारी बाई चाळिशीची, हिंदी बोलणारी, हातपाय दोरखंडासारखे. तिनं नातीला पट्टा बांधला. पोरगी दोरीच्या शिडीनं भराभर वर गेली. फळीवर उभी राहिली, दांडा धरला, आणि तिथंच थिजली. बाई खालून "कूदो बेटा" म्हणत राहिली. पोरगी हलेना. शेवटी शिडीनंच खाली आली. डोळे भरलेले.

"जाऊ द्या आबाजी," ती म्हणाली, "आजी असती तर मारली असती उडी."

ते मला माहीत होतं. गावच्या तलावात ती पोहायला शिकली तेव्हा बुढी लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि ओरडायची, "पड वो बाई, पड! मी आहो न!" आणि ही बेडकासारखी पडायची.

"चला, बसस्टँडवर सोडा मले," नात म्हणाली.

मी मनात म्हटलं, आत्ता अशी रडत बसमध्ये बसली तर ही पुन्हा माझ्या दारात येत नाही. मी बाईकडे गेलो. "मले बांधा."

"चाचा, उमर क्या है आपकी?"

"तुमच्या बापाएवढी. बांधा."

ती हसली, पण तिनं असंतसं सोडलं नाही. आधी जमिनीजवळच्या दांड्याला मला लटकवून पाहिलं. जन्मभर नांगर धरलेले हात, लटकलो. मग पट्टा आवळला आणि त्याचा दोर स्वतःच्या हातात धरला.

"आबाजी, येडे झाले का? पडाल न!"

"पडाले तर जाळी बांधली आहे. शोभेले बांधली का?"

शिडीच्या पायरीला हात लावून पाया पडलो आणि चढलो. चढायचं भय मला नाही, चिंचा झोडपण्यात वय गेलं. फळीवर बाईचा नवरा उभा होता. त्यानं माझ्या तळहातांना खडूसारखी पांढरी पावडर चोळली, दांडा पुढं केला.

आता आमच्याकडे झाडावर चढायचं असो की कुऱ्हाड उचलायची असो, माणूस आधी तळहातावर थुंकतो. पकड बसते. हात आपोआप तोंडाशी गेले. थू थू केलं, चोळलं आणि दांडा धरून उडी मारली.

"अरे चाचा, ये क्या किया!" हे मला हवेत ऐकू आलं.

पावडरीचं पिठलं झालं होतं. झुला पुरता पुढंही गेला नाही तो दांडा हातातून सटकला. बाईनं दोर ओढून धरला म्हणून हळू पडलो, पण पडलो बुडावरच. तोंडातून जी शिवी निघाली ती इथं लिहीत नाही.

जाळीतून उतरून पाहतो तर नात जमिनीवर बसून हसत होती. पोट धरून. तेरवीपासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

"आबाजी, तुम्ही थुकले? पावडरीवर?"

"मग? चढल्यावर थुकाच लागते."

तिनं डोळे पुसले, उठली, पट्टा बांधून घेतला. "इथंच थांबा. हलू नका." आणि वर गेली.

फळीवर पुन्हा पाय अडकले. वरून ओरडली, "आबाजी, काही तरी बोला न!"

आता काय बोलू? बुढीचं बोलणं माझ्या तोंडात बसत नाही. मी जीव खाऊन ओरडलो, "थुकू नको वो पोट्टे!"

वरचा माणूस हसला, बाई हसली, पोरगी हसता हसताच सुटली. तंबूच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, परत आली, पुन्हा गेली. मी खाली तिच्यासोबत मान फिरवत होतो. मग हात सोडून जाळीत पडली आणि पडल्या पडल्या म्हणाली, "पुन्हा!"

बसस्टँडवर नागपूरची बस लागली. नात बाकावरून उठली नाही. कंडक्टर ओरडला, बस गेली.

"काहून नाही बसली?"

"हात दुखून राहिले. उद्या जाईन."

मी तिची बॅग उचलली. घरी येऊन वांग्याची भाजी केली, ती थोडी खाली लागली. तिनं ताटातलं सगळं खाल्लं आणि तोंडावर सांगितलं, "आजीसारखी नाही झाली."

"नाहीच होत," मी म्हटलं. "ती काय घालायची ते तुले माहीत आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "दिवाळीत आली की दाखवीन."