न धुतलेली लोकर

निजामाचं राज्य गेलं, तसे बोरीच्या बंगल्यात राहणारे साहेबही हैदराबादला निघाले. त्यांच्या बेगमेला नदीवर गळ टाकायचा भारी नाद. आमची मेंढरं त्याच काठावर चरायची आणि मी धनगराची पोर दिवसभर बेगमेच्या मागं मागं असायचे. त्यांच्या गळाला कधी गांडूळ नसे. पीस आणि रेशीम गुंडाळून केलेली नकली माशी असे. ती पाण्यावर अलगद बसली की मासा फसून वर यायचा. माशी बांधायला मी त्यांच्याजवळ बसून शिकले. जाताना त्यांनी आपली लवचिक बांबूची काठी, दोरी आणि थोडे गळ माझ्या हातात ठेवले. "बेटी, मक्खी पानी पे बैठना, डूबना नै," एवढंच म्हणाल्या.

लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर ती काठीही सासरी आली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून मी ती आढ्याला बांधून ठेवली. पण माझे सासरे लोकर पिंजून घोंगड्या विणायचे, आणि पिंजायच्या कमानीला त्यांना असाच बांबू हवा होता.

"मेंढरांच्या कातरणीपातूर ठिव," मामंजी म्हणाले. "तवर एक तरी मासा आण. न्हाई तर कमान करतो तिची. बाईमाणसाला काय करायचीय काठी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. काही झालं तरी काठी तोडू द्यायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

रेशीम कुठलं मिळायला? पण लोकर होती. घरातली सगळ्यात चांगली निवडून घेतली, धुतलेली, पिंजलेली, पांढरीशुभ्र. कोंबडीचं पीस लावून माशी बांधली. ती पाण्याला टेकली आणि बुडाली. लहान केली, पीस वाढवलं, दोरी बदलली, तरी बुडायचीच. मेंढरं पाण्यावर नेली की रोज माझा तोच उद्योग.

"मासे धरायलीस का माशा मारायलीस गं?" धुणं धुता धुता जाऊ विचारायची. मी दुसरी माशी बांधायचे.

कातरणीआधी मेंढरं नदीत घालून चोळून धुवायची आमची रीत. तो दिवस उजाडला. मी काठी घेऊनच नदीवर गेले. मामंजींनी कमरेला कोयता खोवलेला होता. तो कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

एक म्हातारी मेंढी पाण्यात उतरेना. मी तिला ओढली, तर मानेवरच्या लोकरीचा पुंजका माझ्या हातात आला, मळकट, चिकट, उग्र वासाचा. मी तो पाण्यात झटकला. तो बुडाला नाही, तरंगत पार वळणापर्यंत गेला. मी मेंढी सोडून बघतच राहिले. लोकरीला मेंढीच्या अंगाचं तेल होतं, आणि तेच आम्ही दरवर्षी चोळून चोळून काढून टाकत होतो. आमच्या घरची लोकर कशी स्वच्छ, म्हणून गावभर मिरवायचो, आणि त्याच स्वच्छतेनं माझी माशी बुडत होती.

तिच्याच मानेची आणखी लोकर उपटली. तिथंच बसून माशी बांधली आणि गढूळ पाणी सोडून वरच्या डोहावर गेले. माशी टाकली. ती बसली. हळूहळू ओढत आणली, तेवढ्यात खालून मरळ उसळली आणि काठी वाकली.

मामंजी ओल्या धोतरानं धावत आले. "सोड गं, तुटायलीय काठी!"

"तुटत न्हाई," मी म्हणाले. त्यांना उलटून बोलायची ती माझी पहिली वेळ. मी भ्याले नव्हते, हे आठवलं की अजून बरं वाटतं.

मरळ काठावर येऊन आपटली. मामंजींनी कोयता काढला, आणि जवळच बसून तिची खवलं काढायला लागले. कमानीचं नाव पुन्हा घरात निघालं नाही.

पुढच्या वर्षी मेंढरं पाण्यात घालायच्या आधी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. त्याच म्हाताऱ्या मेंढीला धरून मानेवरची मूठभर लोकर कातरली आणि चारचौघांत माझ्या पदरात टाकली.

"ही धुवू नको," म्हणाले.