कापसाच्या ओळीतले परीक्षक

दिव्यांगांसाठी काही नवं करणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या आमच्या समितीत एक काका परीक्षक आहेत, आणि जन्मापासून आंधळे. अर्ज वाचून दाखवायचं काम माझं. मी "नावीन्यपूर्ण उपक्रम" म्हटलं की ते काठी आपटतात. "ते ऱ्हाऊ द्या. कोन वापरायलंय ते सांगा." आणि निघतात बघायला. त्यांचा शब्द 'बघायला'च.

परवा जिंतूरजवळच्या एका शेतात गेलो. आंधळ्या सुनेला एकटीनं कापूस वेचता यावा म्हणून सासूनं प्रत्येक ओळीला दोरी बांधली होती. अर्ज अर्ध्या पानाचा, फोटो एकही नाही. मी तो मनातल्या मनात बाद करून टाकला होता.

काकांनी काठी माझ्या हातात दिली, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि दोरी धरून कापसाच्या पऱ्हाटीत शिरले. बऱ्याच वेळानं ओटी फुगवून, घामाघूम होऊन परतले. सून त्यांच्या ओळीतून बोंडं चाचपत गेली आणि खळखळून हसली.

"काका, अर्धा कापूस बोंडातच ठेवला की तुमी!"

काका लहान पोरासारखे हरखले. मला म्हणाले, "लिव्हा, हिच्या सासूचा पैला नंबर. अन् परीक्षक नापास."