दारात बसणारी बाई

युसूफ वडगावच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला म्हाळूची वस्ती आहे. दोन पत्र्याची घरं आणि मेंढरांचं मोठं कुंपण. म्हाळूची थोरली मुलगी अंजू अंबाजोगाईला शिकली आणि तिथंच खोली करून राहिली. योगेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांना बाराखांबी, हत्तीखाना असं जुनं अंबाजोगाई हिंडवून दाखवायचं, हा तिचा धंदा. गाडी भाड्याची, बोलणं स्वतःचं.

एक दिवस पुण्याच्या एका संस्थेतले त्रिंबक सर तिच्या गाडीतून फिरले. जाताना म्हणाले, "आम्ही छोट्या पर्यटन व्यावसायिकांना चीनला नेतोय. तिथली जुनी गावं पर्यटनावर कशी चालतात, ते बघायला. खर्च संस्थेचा. याल?"

अंजूनं वस्तीवर येऊन ही गोष्ट सांगितली, तेव्हा म्हाळू मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"फुकट? कावून नेतोय त्यो तुला? आपला कोन लागतो?"

"अभ्यास दौरा हाय आबा. धा जन हायत."

"धा जन न्हेत्यात, आन् आनत्यात किती?"

अंजूची आई कडूबाई चुलीपुढून म्हणाली, "तकडं माणसाचं काळीज-किडनी काढून इकत्यात म्हनं."

अंजू हसली, पण तिलाही ते फुकट खटकलं होतंच. बापाचाच स्वभाव तिच्यात उतरला होता. व्यापारी तोंड भरून बोलायला लागला की म्हाळू दोन पावलं मागं सरकायचा. तिनं आदल्या वर्षी जाऊन आलेल्या साताऱ्याच्या एका माणसाला फोन केला. त्यानं दौऱ्याचं इतकं कौतुक केलं, की तिचा संशय उलट वाढला. तरी ती गेली. चीन बघायची संधी पुन्हा कोण देणार होतं?

शांघायपासून काही तासांवरचं ते कालव्यांचं गाव होतं. दगडी पूल, काळ्या कौलांची लाकडी घरं, दारोदार लाल कंदील. गावात शिरायलाच तिकीट. लिन नावाची वाटाड्या मुलगी सगळं हसतमुखानं सांगत होती. बाकीचे फोटो काढण्यात दंग होते. अंजूला मात्र काहीतरी खटकत होतं. प्रत्येक दुकानात त्याच फण्या, तीच मिठाई. नावाडी बाई पुलाखाली आली की गाणं म्हणायची. पुढची नाव त्याच पुलाखाली आली की तेच गाणं.

एका घराच्या दारात निळं फडकं कमरेला बांधून एक म्हातारी सूत कातत बसली होती. लोक थांबत, फोटो घेत, पुढं जात. अंजू सकाळी तिथून गेली तेव्हा चरख्याच्या चातीवर होतं तेवढंच सूत दुपारीही होतं.

"ही बाई खरंच इथली आहे?" तिनं लिनला विचारलं.

"इथलीच आहे," लिन म्हणाली. क्षणभर थांबून म्हणाली. ते थांबणं अंजूनं ध्यानात ठेवलं.

मुक्कामाला परतताना बसमध्ये त्रिंबक सर तिच्या शेजारी येऊन बसले. "तुमच्या वस्तीवर अजून घोंगडी विणतात का हो? वडील मेंढरांमागं रोज जातात? किती घरं आहेत तुमची?" बोलता बोलता अंजूनं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मनात आलं, यांना हे कशाला हवंय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावात फिरून संध्याकाळी मंडळी जेवायला गेली, तेव्हा अंजू मागं राहिली. म्हातारी नाटकातली आहे, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. गर्दी ओसरली. म्हातारीनं निळं फडकं सोडून खुंटीला अडकवलं. गणवेशातल्या एका माणसानं दाराला कुलूप घातलं. म्हातारी साध्या चपला ओढत वेशीबाहेर, बसथांब्याकडे निघाली. अंजू मागोमाग.

सापडली, असं वाटून अंजूनं फोनवरच्या भाषांतराला विचारायला सांगितलं, "तुम्ही त्या घरात राहत नाही ना?"

म्हातारी दचकली, मग हसली. फोनजवळ तोंड नेऊन सावकाश बोलली. फोन मराठीत सांगू लागला, "लग्न होऊन मी त्याच घरात आले. मुलं तिथंच झाली. नंतर कंपनीनं सगळी गल्ली भाड्यानं घेतली. आम्हाला लांब नवी घरं मिळाली. आता मी माझ्या दारात बसायला कामावर येते."

ज्या बाईवर अंजू दोन दिवस डोळा ठेवून होती, ती खोटी नव्हतीच.

"नवं घर चांगलं आहे?"

"गळत नाही. जुनं फार गळायचं." म्हातारीनं वेशीकडे बघितलं. "पण स्वतःच्या घरातून रोज संध्याकाळी निघायचं…" तेवढ्यात बस आली. म्हातारीनं अंजूच्या हातावर थाप मारली आणि चढून गेली.

अंजू परत आली आणि महिन्याभरात त्रिंबक सर धर्मराज नावाच्या एका कंपनीवाल्याला घेऊन थेट वस्तीवर आले. धर्मराजांनी मेंढरांत उभं राहून फोटो काढून घेतले. म्हणाले, इथं धनगरी जीवनाचं केंद्र करू. पाहुणे येतील, म्हाळूबाबा घोंगडी पांघरून बसतील, कडूबाई चुलीवर भाकरी थापतील. जागा कंपनीकडे राहील, पगार दर महिन्याला.

आश्चर्य म्हणजे म्हाळू पाघळला. "बसूनच र्‍हायाचं हाय की अंजे. पायांना लई आराम. त्यात काय वंगाळ?"

अंजूनं पाहुण्यांपुढं चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "सर, रात्री आमी कुठं झोपायचं?"

धर्मराज हसले. "केजला चांगले फ्लॅट बघून देऊ ना. सकाळी गाडी आणायला येईल."

म्हाळूचा कप ओठापाशीच थांबला. "मंजी? हितं न्हाई?"

"इथं पाहुण्यांच्या खोल्या होतील, बाबा."

"आन् मेंढरं?"

"थोडी ठेवू. दाखवण्यापुरती."

म्हाळूनं कप खाली ठेवला. उठला, काठी घेतली आणि कुंपणातली मेंढरं बाहेर काढून त्यांच्यामागं माळाकडे निघून गेला. पाहुणे बराच वेळ वाट बघत बसले. शेवटी कडूबाईच म्हणाली, "ते आता दिवस मावळल्याबिगर येत न्हाईत."

गाडीत बसताना त्रिंबक सर अंजूला हळूच म्हणाले, "मला वाटलं तुमचं भलं होईल." ते खरं बोलत होते की आणखी एखादी वस्ती शोधायला निघाले होते, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढं त्यांचा फोन आला नाही. तिनंही केला नाही.

आता अंजू कधीमधी चार-पाच पाहुणे वस्तीवर आणते. आधी आईला फोन करते; आई नको म्हणाली तर आणत नाही. पाहुणे भाकरी खातात, मेंढरांमागं थोडं चालतात, संध्याकाळी परत जातात. म्हाळूला लहर आली तर बोलतो. मागच्या खेपेला एका बाईंनी त्याला दारात बसून फोटो द्यायला सांगितलं, तर म्हणाला, "बसाया येळ न्हाई मला. चला, चालता चालता काढा."